विमानात आणि विमानतळावर बिअर पोचते कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहार-मरोळच्या पट्ट्यात विमानांना जेवण पुरवणाऱ्या एका फ्लाइट किचनमध्ये मी बरीच वर्षं काढली. त्यातली बहुतेक बॉन्ड स्टोअरमध्ये, म्हणजे जिथे विमानात जाणारं मद्य कुलपात असतं तिथे. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, गावी जत्रेला गेलो की तिथेही हेच प्रश्न येतात. अलीकडे छोट्या ब्रुअरीवाल्यांचेही फोन येतात. तेव्हा सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतो आहे. उदाहरणं मुख्यतः मुंबईची आहेत, कारण मला तीच आतून ठाऊक आहेत.

विमानतळावरची बिअर आणि विमानातली बिअर एकच ना?

ब्रँड एक असेल, पण तीन वेगवेगळ्या वाटांनी ती येते. पहिली वाट टर्मिनलमधल्या बार, रेस्टॉरंट आणि लाउंजची. दुसरी ड्यूटी फ्री दुकानाची. तिसरी थेट विमानाच्या गॅलीत, म्हणजे आतल्या छोट्या स्वयंपाकघरात, जाणाऱ्या ट्रॉलीची. पहिल्या वाटेवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा कायदा चालतो, उरलेल्या दोन वाटांवर मुख्यतः कस्टम्सचा. एकाच छताखाली दोन कॅन शेजारी ठेवले, तर एकावर महाराष्ट्राचा कर भरलेला असतो आणि दुसऱ्यावर कुठलाच भरलेला नसतो. ते दोन कॅन चुकूनही एकमेकांत मिसळू नयेत, यासाठीच ही सगळी व्यवस्था उभी आहे. या धंद्यातलं ऐंशी टक्के काम बिअर उचलण्याचं नाही, ती मोजण्याचं आणि मोजलेलं लिहून ठेवण्याचं आहे.

मुंबई-दिल्ली विमानात बिअर का मिळत नाही?

भारतातल्या देशांतर्गत विमानप्रवासात मद्य दिलं जात नाही, विकलंही जात नाही. बिझनेस क्लासचं तिकीट असलं तरी नाही. त्यामुळे देशांतर्गत विमानांसाठी बिअरचं वितरण हा प्रकारच अस्तित्वात नाही.

लोकांना हे खरं वाटत नाही, तेव्हा मी किंगफिशर एअरलाइन्सची आठवण करून देतो. मे २००५ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा देशातल्या सगळ्यात ओळखीच्या बिअरचं नाव विमानाच्या अंगावर होतं आणि आत ती बिअर मिळत नव्हती. २००८ च्या सप्टेंबरात बंगळुरू-लंडन फेरी सुरू झाली, त्यानंतरच त्या कंपनीच्या गॅलीत मद्य आलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं जमिनीवर आली ती कायमची.

मग देशांतर्गत टर्मिनलच्या बारमध्ये बिअर कशी चालते?

तो बार कायद्याच्या दृष्टीने अंधेरीतल्या परमिट रूमसारखाच आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली त्याला परवाना लागतो, माल परवानाधारक होलसेलरकडूनच घ्यावा लागतो आणि कारखान्यापासून गोदामापर्यंत, गोदामापासून बारपर्यंत प्रत्येक टप्प्याला वाहतूक पास लागतो. बिअर जीएसटीत येत नाही. पिण्याचं मद्य राज्यघटनेनेच जीएसटीच्या बाहेर ठेवलं आहे, म्हणून त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो. वयाची अटही राज्याचीच: महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं, कडक दारूसाठी २५. गोव्यात दाबोळीला किंवा मोपाला उतरलात की ती १८ होते.

शहरातल्या बारपेक्षा फरक पडतो तो सुरक्षेचा. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे जाणारी प्रत्येक वस्तू तपासूनच आत जाते. वर्तमानपत्राचा गठ्ठा असो, कांद्याचं पोतं असो की बिअरची पेटी. माल आणणाऱ्या माणसाला प्रवेशपास लागतो. गाडी धावपट्टीच्या बाजूला जाणार असेल, तर गाडीला वेगळा परवाना आणि ड्रायव्हरला तिथे गाडी चालवण्याचा वेगळा. शहरात होलसेलरचा टेम्पो दुपारी दोन वाजता बारसमोर उभा राहतो, पोरं पेट्या उतरवतात आणि दहा मिनिटांत काम होतं. विमानतळावर तेवढ्याच पेट्यांना अर्धा दिवस लागू शकतो. म्हणून तिथले बार रोज थोडा माल मागवत नाहीत. ठरलेल्या वेळेला एकदम मागवतात आणि टर्मिनलमधल्या इवल्याशा स्टोअररूममध्ये छतापर्यंत रचतात. चौरस फुटाचं भाडं इतकं असतं, की रिकाम्या क्रेटसुद्धा लगेच बाहेर काढाव्या लागतात.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाने यावर जुना तोडगा काढलेला आहे. दुकानांचा माल विमानतळाबाहेरच्या एका सामायिक गोदामात येतो, तिथेच तपासला जातो आणि मग अनेक दुकानांचा माल एकाच गाडीतून आत जातो. शंभर टेम्पोंची रांग टळते. इंग्लंड-वेल्समध्ये आणखी एक वेगळेपण आहे. तिथल्या नेमून दिलेल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीपलीकडच्या भागाला २००३ च्या मद्यपरवाना कायद्याचे विक्रीचे निर्बंध लागू होत नाहीत. त्यामुळे पहाटे पाच वाजताही लोक बिअरचा ग्लास घेऊन बसलेले दिसतात, आणि बारचा साठा त्या हिशेबाने आदल्या रात्रीच भरून ठेवावा लागतो.

पिंपातली, म्हणजे केगमधली बिअर विमानतळावर नेता येते का?

येते, पण कटकट जास्त. ५० लिटरचं भरलेलं स्टीलचं केग ६० किलोच्या वर जातं. जाड धातूमुळे एक्स-रेमध्ये आतलं स्पष्ट दिसत नाही, म्हणून माल कुणाकडून आला आणि सील शाबूत आहे का, यावर भर द्यावा लागतो. शिवाय नळाला दाब देण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागतं आणि दाबाखालच्या वायूला विमानतळात नेण्याची परवानगी ही स्वतंत्र लढाई आहे.

यातून सगळ्यात सुंदर सुटका म्युनिक विमानतळाने केली आहे. तिथे दोन टर्मिनलच्या मधल्या चौकात १९९९ पासून एअरब्रॉय नावाची ब्रुअरी आहे. बिअर तिथेच शिजते, तिथेच मुरते आणि तिथेच ग्लासात येते. वाहतूक म्हणाल तर टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपाची.

‘बॉन्ड’ म्हणजे नेमकं काय?

बॉन्ड म्हणजे कस्टम्सला दिलेलं हमीपत्र, आणि त्या हमीवर चालणारं गोदाम. परदेशी बिअर मुंबईच्या बंदरात किंवा विमानतळावर उतरली की तिच्यावर भरपूर आयात शुल्क लागू होतं. पण ती भारतात विकलीच जाणार नसेल, पुन्हा देशाबाहेर जाणाऱ्या विमानात चढणार असेल, तर शुल्क कशाला? म्हणून ती शुल्क न भरता बॉन्डेड गोदामात ठेवतात. कस्टम्स कायदा, १९६२ मध्ये अशा मालाला ‘स्टोअर्स’ म्हणतात आणि त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. कलम ८५ मध्ये शुल्कनिश्चितीशिवाय गोदामात ठेवण्याची सोय आहे. कलम ८७ प्रमाणे परदेशी जाणाऱ्या विमानात असा माल शुल्काशिवाय वापरता येतो.

२०१६ पासून विमान-जहाजांना पुरवायचा माल आणि ड्यूटी फ्री दुकानांचा माल ‘विशेष गोदाम’ या वर्गात येतो. म्हणजे कुलपाची एक चावी आमच्याकडे असली तरी दुसरं कुलूप कस्टम्सचं. माल आत-बाहेर करायचा तर त्यांचा अधिकारी हजर हवा. कागदांचे रंगसुद्धा ठरलेले होते: थेट देशात आणायच्या मालाचं बिल ऑफ एंट्री पांढरं, गोदामात जायच्या मालाचं पिवळं, गोदामातून देशात सोडायच्या मालाचं हिरवं. आता बहुतेक काम संगणकावर होतं, पण जुने लोक अजूनही ‘पिवळ्यावर आलाय का?’ असंच विचारतात.

आमच्या स्टोअरमध्ये नव्या मुलाला पहिले काही दिवस फक्त मोजायला लावत. कार्टनमधले चोवीस कॅन, मग तीच कार्टन पुन्हा चोवीस. तो वैतागायचा. मग एखाद्या दिवशी एक कॅन कमी निघायचा आणि सगळं स्टोअर तो कॅन सापडेपर्यंत घरी जात नसे. फुटला असेल तर फुटलेला कॅन दाखवावा लागतो. गायब झाला असेल, तर त्यावरचं शुल्क आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परवानाधारकाचं नाव पणाला लागतं. बाजारात त्या कॅनची किंमत काही असो, बॉन्डमध्ये हरवलेला कॅन फार महाग पडतो.

भारतात बनलेली बिअरही बॉन्डमधून जाते का?

तिच्यावर आयात शुल्काचा प्रश्न नाही, पण राज्याच्या उत्पादन शुल्काचा आहे. कारखान्यातून ती राज्याच्या परवानगीने आणि वाहतूक पासावर निघते. कस्टम्स कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे भारतीय माल परदेशी जाणाऱ्या विमानासाठी स्टोअर्स म्हणून निर्यात शुल्काशिवाय देता येतो. त्यात एक शहाणपणाची अट आहे: किती माल द्यायचा हे विमानाचा आकार, प्रवासी, कर्मचारी आणि प्रवासाची लांबी पाहून अधिकारी ठरवतो. चाळीस मिनिटांच्या फेरीसाठी हजार कॅन मागितले, तर नाही मिळणार.

महाराष्ट्रात बिअरचे मोठे कारखाने छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत आहेत, तळोज्यातही आहे. तळोज्याच्या कारखान्यापासून नवी मुंबईचं नवं विमानतळ टेम्पोने काही मिनिटांवर. पण पास, गोदाम, तपासणी, सील या पायऱ्या अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाहीत.

एका विमानात किती बिअर चढवायची हे कोण ठरवतं?

एअरलाइनचा गॅली प्लॅनिंग विभाग. त्यांच्याकडे प्रत्येक मार्गाचा जुना हिशेब असतो, कारण प्रत्येक फेरीनंतर बार-शीट परत येते. त्यावर किती कॅन चढले, किती संपले, किती उरले हे कर्मचाऱ्यांनी लिहिलेलं असतं. त्यावरून मार्गाचा ठरावीक संच बनतो. सकाळची फेरी आणि मध्यरात्रीची फेरी यांचे संच वेगळे. हनिमूनवाल्यांचा मोसम आणि परीक्षांचा मोसम वेगळा. आखाती मार्गावरची विमानं आणि युरोपची विमानं यांच्यात तर जमीन-अस्मानाचा फरक.

संच ठरला तरी जागेशी भांडण असतंच. गॅलीतली प्रत्येक खोबण मोजलेली असते. बिअरची एक खण जास्त टाकली, तर पाण्याची किंवा ज्यूसची खण कुठे जाणार? बिअरची खरी अडचण इथेच आहे. व्हिस्कीच्या ७५० मिलीच्या एका बाटलीतून ३० मिलीचे पंचवीस पेग निघतात आणि बाटलीचं वजन सव्वा किलोच्या आसपास. पंचवीस लोकांना ३३० मिलीची बिअर द्यायची, तर पंचवीस कॅन, म्हणजे साडेआठ किलोंहून जास्त. पिणाऱ्याला दोन्ही ‘एक ड्रिंक’च. विमानाला मात्र बिअर सातपट जड.

वजनाचा एवढा बाऊ का?

लांब पल्ल्याच्या विमानात जास्तीचं वजन वाहून नेण्यासाठी दर तासाला त्या वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के इंधन जास्त जळतं, असा ढोबळ हिशेब धरतात. मुंबई-लंडन नऊ-दहा तास. २०० कॅन म्हणजे जवळजवळ ७० किलो, आणि ते नेण्यासाठी वीस-बावीस किलो इंधन. हे एका फेरीचं. रोजच्या फेऱ्या, वर्षाचे दिवस असा गुणाकार केलात, की एअरलाइनचा खरेदी अधिकारी कॅनच्या किमतीआधी त्याचं वजन का विचारतो हे कळतं.

म्हणूनच कॅन. रिकाम्या ॲल्युमिनियमच्या कॅनचं वजन १३-१४ ग्रॅम, तेवढ्याच मापाच्या काचेच्या बाटलीचं २०० ग्रॅमच्या घरात. शिवाय कॅन रचता येतात, फुटत नाहीत आणि उजेड आत जात नाही. उजेडाने बिअरला एक उग्र वास येतो, हिरव्या बाटलीत तर लवकर येतो. पहिल्या वर्गात काही एअरलाइन बाटली देतात, ती दिसायला छान वाटते म्हणून. माझ्या मते त्यात चवीचा काहीच फायदा नाही.

विमान भरण्याच्या रात्री नेमकं काय होतं?

मुंबईतून युरोपला जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर निघतात. त्यामुळे आमचा खरा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. फ्लाइट नंबरप्रमाणे याद्या भिंतीवर लागत. कस्टम्सच्या अधिकाऱ्यासमोर बॉन्डमधून माल निघे, बार-ट्रॉलींच्या खणांत भरला जाई, एक जण मोठ्याने मोजे, दुसरा लिहीत जाई. ट्रॉलीचं दार बंद झालं की सील. सीलवर क्रमांक असतो, तो क्रमांक कागदावर, कागदाची प्रत ट्रॉलीसोबत.

ट्रॉलींची मापंही दोन घराण्यांची आहेत, ॲटलास आणि केएसएसयू. दुसरं नाव केएलएम, स्विसएअर, एसएएस आणि यूटीए या चार एअरलाइनच्या आद्याक्षरांवरून पडलं. त्यातल्या दोन आता नाहीत, पण त्यांचं माप अजून विमानांत आहे. एका घराण्याची ट्रॉली दुसऱ्याच्या खोबणीत बसत नाही. नवख्या मुलाने घाईत चुकीची ट्रॉली भरली, की सगळा बार पुन्हा सील तोडून, पुन्हा मोजून, पुन्हा भरायचा.

मग हाय-लोडर, म्हणजे कात्रीसारख्या पायांवर वर उचलला जाणारा ट्रक. फाटकावर सीआयएसएफचे जवान सील आणि कागद ताडून पाहतात. विमानाच्या दारापर्यंत ट्रकचा डबा वर जातो आणि ट्रॉल्या आत ढकलल्या जातात. केबिन सुपरवायझर सील क्रमांक पुन्हा ताडून सही करतो. केटरिंग कंपनीची सुरक्षेची सगळी पद्धत नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने आधी मंजूर केलेली असते. त्यापासून एक पाऊल बाजूला ठेवता येत नाही.

एकदा पावसाळ्यात एका सीलचा शेवटचा आकडा कागदावर ३ लिहिलेला होता आणि सीलवर ८ होता. ओल्या हाताने लिहिलेला आकडा. विमान सुटायला पंचवीस मिनिटं. ती ट्रॉली आम्ही खाली उतरवली आणि त्या विमानाच्या मागच्या भागातल्या लोकांना त्या रात्री बिअर मिळाली नाही. एअरलाइनने खरमरीत पत्र पाठवलं. तरीही ट्रॉली उतरवणं बरोबरच होतं असं मी आजही म्हणेन. तिला आत जाऊ दिलं असतं, तर उद्या कुठल्याही सीलवर कुणी विश्वास ठेवला नसता.

विमानात बिअर थंड कशी ठेवतात? पुरेशी थंड का नसते?

बॉन्डमधून निघणारी बिअर बहुधा खोलीच्या तापमानाची असते. किचनच्या शीतगृहात काही तास मिळाले तर ठीक. मग ट्रॉलीत वरच्या कप्प्यात सुका बर्फ ठेवतात. काही विमानांत गॅलीला थंड हवेची सोय असते, काहींत नसते. मे महिन्यात ट्रॉली ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरसबंदीवर, पाऊण तास उन्हात थांबली, तर सगळी मेहनत पाण्यात.

सुका बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास. बिअर उणे दोन-तीन अंशांनाच गोठते. सुका बर्फ कॅनला टेकवून ठेवला, की बिअर आत गोठून फुगते आणि कॅन तडकतो. हा धडा आमच्या पाळीतल्या एकाने अख्खी खण फोडून शिकवला. तेव्हापासून मधे पुठ्ठा ठेवायची शिस्त लागली. सुका बर्फ वितळत नाही, थेट वायू होतो, म्हणून बंद केबिनमध्ये तो किती न्यायचा यालाही मर्यादा असते.

तुम्हाला कोमट कॅन मिळाला तर कर्मचाऱ्यांवर चिडू नका. ट्रॉलीच्या कुठल्या कोपऱ्यातला कॅन हातात आला, यावर ते बरंचसं अवलंबून असतं.

विमानात नळाची बिअर का नाही?

दाबाखालचा वायू, जागा आणि फेस. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो, साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा. कमी दाबात बिअरमधला वायू लवकर सुटतो आणि ग्लास फेसानेच भरतो. २०१६ मध्ये केएलएमने हायनेकनसोबत एक खास ट्रॉली तयार केली. तिच्यात कार्बन डायऑक्साइडऐवजी हवेच्या दाबावर बिअर बाहेर येई. थंड करणारं यंत्र ट्रॉलीत मावेना, म्हणून बिअर आधीच थंड करून उष्णतारोधक पिंपात भरायची. ॲमस्टरडॅम-कुरासाव मार्गावर बिझनेस क्लासमध्ये ती दिली गेली. कल्पना मला मनापासून आवडली. पण रोजच्या शेकडो विमानांत ती बसवायची तर वजनाचा हिशेब पुन्हा आडवा येतो.

आकाशात बिअरची चव बदलते का?

जीभ बदलते. केबिनमधली हवा कोरडी असते, नाक सुकतं, वास कमी कळतो. लुफ्तान्झाने जर्मनीतल्या होल्त्सकिर्शन इथे फ्राउनहोफर संस्थेच्या कमी दाबाच्या कक्षात, विमानाच्या खऱ्या सांगाड्यात बसवून लोकांना पदार्थ चाखायला दिले होते. खारट आणि गोड चव लक्षात येईल इतकी मंद लागते, असं दिसलं. म्हणून हलकी लागर वर पाण्यासारखी लागते.

काहींनी त्यासाठी खास बिअर बनवली. कॅथे पॅसिफिकची ‘बेट्सी’ २०१७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हाँगकाँग-ब्रिटन मार्गावर पहिल्या आणि बिझनेस वर्गात दिली गेली. तिच्यात हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधला मध, लाँगान फळ आणि ब्रिटनमधले फगल हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी फुलं) होते. नाव कंपनीच्या पहिल्या डीसी-३ विमानाचं. स्कँडिनेव्हियाच्या एसएएसने २०१४ पासून डेन्मार्कच्या मिकेलरची बिअर ठेवली. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये शताब्दीसाठी ब्रूडॉगकडून ‘स्पीडबर्ड १००’ करून घेतली.

ड्यूटी फ्री दुकानात बिअर इतकी कमी का दिसते?

भारतात येताना शुल्काशिवाय दोन लिटर मद्य आणता येतं. ३३० मिलीचे सहा कॅन घेतले की १.९८ लिटर झाले, मर्यादा संपली. त्याच दोन लिटरांत व्हिस्कीच्या लिटरच्या दोन बाटल्या येतात. भाचा म्हणतो, “मामा, बेल्जियमची बिअर आणा ना.” मी त्याला हा हिशेब सांगतो आणि व्हिस्की घेऊन येतो. दुकानदारालाही फडताळाच्या तेवढ्याच लांबीत बिअरपेक्षा व्हिस्की कितीतरी जास्त पैसे देते.

राज्याचा कर तिथे का नसतो, हेही लोक विचारतात. बंगळुरू विमानतळाच्या ड्यूटी फ्री दुकानांबद्दल हॉटेल अशोकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं, की माल कस्टम्सची सीमा ओलांडून देशात आलेलाच नसतो, म्हणून त्या विक्रीवर राज्य व्हॅट लावू शकत नाही.

माझ्या बॅगेतले बिअरचे कॅन विमानात फुटतील का?

दाबाने नाही. बिअरचा कॅन साधारण सहा बारपर्यंतचा (बार हे दाबाचं माप; जमिनीवरच्या हवेचा दाब साधारण एक बार) आतला दाब सहन करेल असा बनवतात. सामानाच्या कक्षातही हवेचा दाब राखलेला असतो, फरक पाव बारचा. फुटतो तो बॅग आपटल्याने. कपड्यांत गुंडाळा, प्लास्टिक पिशवीत ठेवा.

विमानाच्या नियमांत २४ टक्क्यांखालच्या अल्कोहोलला, म्हणजे बिअरला, चेक-इन सामानात धोकादायक वस्तू म्हणून मर्यादा नाही. पण विमान कंपनीने हरकत घेतली नाही म्हणजे राज्याची परवानगी मिळाली, असं समजू नका. गोव्यातून महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य आणणं गुन्हा आहे. गुजरात आणि बिहारमध्ये तर दारूबंदीच आहे. आणि स्वतःची बिअर विमानात उघडून पिता येत नाही, ड्यूटी फ्रीच्या सीलबंद पिशवीतली असली तरी.

आमची छोटी ब्रुअरी आहे. एअरलाइनपर्यंत कसं पोचायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण पुण्या-मुंबईची पोरं आता खरंच चांगली बिअर बनवतात.

आधी विमानाचं स्वप्न बाजूला ठेवा आणि टर्मिनलमधल्या लाउंज-बारकडे जा. तिथे राज्याचाच परवाना आणि तोच होलसेलर चालतो, तुमची कागदपत्रं तयारच असतात. विमानासाठी मात्र तीन गोष्टी तपासा. कॅनिंग आहे का? फक्त केगमध्ये विकत असाल तर बोलणंच संपलं. न थंड केलेल्या गोदामात सहा महिने बिअर टिकते का? बॉन्डमध्ये तुमच्यासाठी वेगळं शीतगृह कुणी देणार नाही. पाश्चरीकरण न केलेली, हॉप्सचा ताजा गंध असलेली बिअर मुंबईच्या मे महिन्यात महिन्याभरात मरते. आणि माल सलग पुरवता येईल का? एअरलाइनचा मेन्यू महिनोन्महिने आधी छापला जातो. मेन्यूत नाव आहे आणि ट्रॉलीत कॅन नाही, हे एकदा झालं की पुढच्या निविदेत तुमचं नाव नसतं.

पैसे उशिरा येतात. नमुने फुकट द्यावे लागतात. पेटीवर लॉट क्रमांक आणि तारीख ठळक हवी, कारण स्टोअरमधला माणूस रात्री दोन वाजता ट्यूबलाइटच्या उजेडात ती वाचणार आहे. पावसाळ्यात पेट्यांना प्लास्टिक गुंडाळा, ओला पुठ्ठा हातात सुटतो. आणि वर्षभराचा करार मागण्याऐवजी एका मार्गावर दोन महिन्यांचा प्रयोग मागा. बेट्सीही दोनच महिन्यांसाठी होती.

कुठल्या एअरलाइन बिअर देतच नाहीत?

सौदिया, कुवेत एअरवेज, पीआयए, रॉयल ब्रुनेई. त्यांच्या विमानांसाठी बार-ट्रॉलीच निघत नाही. त्या पाळीला आमच्या स्टोअरमध्ये चहा निवांत मिळायचा.

विमान उतरल्यावर उरलेल्या बिअरचं काय होतं?

उतरण्याआधी कर्मचारी बार बंद करतात, उरलेले कॅन मोजून बार-शीटवर लिहितात आणि ट्रॉलीला नवं सील लावतात. उतरलेल्या देशाच्या कस्टम्सच्या दृष्टीने तो माल अजून परदेशी असतो. तेच विमान पुढे देशांतर्गत फेरीला जाणार असेल, तर मद्य खाली उतरवून बॉन्डमध्ये न्यावं लागतं. उघडलेला कॅन कधीच परत घेत नाहीत, तो कचऱ्यात. न उघडलेले कॅन स्टोअरमध्ये येतात, तारीख पाहून पुन्हा रचले जातात आणि जुने पुढे, नवे मागे ठेवतात.

पहाटे साडेचार-पाचला परत आलेल्या ट्रॉल्यांची रांग लागायची. सील तोडायचं, खण ओढायची, मोजायचं. शीटवर अकरा लिहिलेले असत, आम्ही अकरा मोजत असू, आणि अधिकारी अकरावर टिक करून पुढच्या ट्रॉलीकडे वळत असे.